भांडण स्कूटरवरून, पेट्रोल मात्र गाडीत

"काका, नमस्कार. आम्ही कराड तालुक्यातले. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मामंजी अडुसष्ट वर्षांचे, चार एकर ऊस आहे. हे साताऱ्याला एमआयडीसीत नोकरीला आहेत, गाडीने रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात. मी शेजारच्या गावात शाळेवर आहे, माझे रोजचे बारा किलोमीटर. माझी स्कूटर नऊ वर्षांची झाली, आता दर आठवड्याला काहीतरी काढते. नवी घ्यायला दीड लाखापर्यंत बाजूला ठेवलेत. पुण्याचे भाऊजी म्हणतात, इलेक्ट्रिकच घ्या, पेट्रोल जाळणं म्हणजे पोरांच्या पुढ्यातलं ताट ओढणं. मामंजी म्हणतात, हवामानबदल वगैरे गोऱ्यांनी काढलेली भानगड आहे, आणि तुमची वीज तरी कशावर होते, कोळशावरच ना? त्यापेक्षा इथेनॉल जाळा, आपल्या उसाला भाव मिळेल, अरबांकडे जाणारा पैसा गावात राहील. त्यावर भाऊजी उसाच्या पाण्यावर घसरतात. भाऊजी आले की रविवारचं मटण ताटात गार होतं. हे आपले गप्प जेवतात. मी कोणती गाडी घेऊ? आणि हे भांडण कसं मिटवू?"

ताई, तुमच्या घरात एकच माणूस गप्प जेवतोय, आणि घरातलं बहुतेक सगळं पेट्रोल तोच जाळतोय.

रागावू नका, हिशेब मांडतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तुमचे 300 किलोमीटर होतात. जुनी स्कूटर लिटरला 45 देत असेल तर पावणेसात लिटर लागलं. यजमानांचे 2,500 किलोमीटर. गाडीचं अ‍ॅव्हरेज तुम्ही कळवलं नाही, मी 18 धरतो. म्हणजे 139 लिटर. पेट्रोलचा लिटर वजनाला साधारण पाऊण किलो भरतो. तेव्हा स्कूटर महिन्याला पाच किलो पेट्रोल पिते आणि गाडी शंभरावर. आणखी एक गंमत बघा. स्वयंपाकघरातला 14.2 किलोचा सिलिंडर तुम्हाला महिनाभर पुरत असेल तर तोसुद्धा स्कूटरच्या जवळपास तिप्पट झाला. देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. तुमच्या पत्रात त्याचं नाव कुणाच्याच तोंडी नाही.

पाच किलोवरून दोन शहाणी माणसं ताटावर भांडतायत आणि शंभर किलो रोज सकाळी फाटकातून हायवेला लागतात.

मी एसटीच्या वर्कशॉपात नोकरी काढली. आमच्याकडे एक शब्द होता, केपीटीएल. दहा लिटर डिझेलमध्ये बस किती किलोमीटर जाते, तो आकडा. कुणाचा केपीटीएल घसरला की आधी टायरची हवा बघायची, मग ब्रेक चिकटतायत का, मग नोझल, आणि सगळं नीट निघालं तर ड्रायव्हरचा उजवा पाय. त्या काळात डेपोत हवामानबदल हा शब्दही कुणी उच्चारत नव्हतं. तरी डिझेल वाचायचं, कारण ते रोज मोजलं जायचं. ती सवय मला अजून आहे, म्हणून तुमचं पत्र वाचताना आधी पेन्सिल काढली.

तीच पेन्सिल पुढे चालवू. भरलेली बस लिटरला साडेचार-पाच किलोमीटर देते. ऐकायला वाईट वाटतं, पण आत चाळीस माणसं असतात. एका लिटरमध्ये दोनशेच्या आसपास माणूस-किलोमीटर होतात. तुमच्या यजमानांच्या गाडीत एकटा माणूस, म्हणजे अठरा. त्याच गाडीत चौघं बसले तर बहात्तर. साताऱ्याच्या एमआयडीसीत कराडहून जाणारे तुमचे यजमान काही एकटेच नसणार. एका शिफ्टचे तिघं जमले आणि आळीपाळीने एकेकाने आठवडाभर गाडी काढली, तर त्यांच्या टाकीतलं महिन्याला नव्वदच्या वर लिटर वाचतं. तुमच्या स्कूटरच्या तेरा-चौदा महिन्यांचं पेट्रोल एका महिन्यात. भिशी चालवता येते तर हेही चालवता येईल. अडचण काय येते तेही मला ठाऊक आहे: एकाला ओव्हरटाइम लागतो, दुसरा रोज दहा मिनिटं उशिरा येतो, तिसऱ्याला गाणी मोठ्याने लागतात. म्हणून एक दिवस एसटीचा ठेवायचा. आणि रोजच एसटीने जायचं ठरलं तर मासिक पासात वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवसांचा प्रवास होतो, हे पगारदार माणसाला सहसा माहीतच नसतं. ज्या दिवशी एकट्याने जावं लागेल त्या दिवशी हायवेवर शंभरऐवजी ऐंशीने जायला सांगा. वेग वाढतो तसं इंजिनाचं बळ हवा फोडण्यातच जास्त जातं.

गाडीला सीएनजी किट बसवा, असं सांगणारे भेटतील. खर्च कमी होतो, धूरही स्वच्छ. पण 'परदेशी तेल नको' म्हणून ते बसवत असाल तर थांबा. देशात लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा द्रवरूप करून जहाजांनी येतो. आपल्या दाभोळलाच त्याचं एक टर्मिनल आहे. दुकान बदललं तरी उधारी समुद्रापलीकडेच राहते.

आता भांडणाकडे येतो. मामंजी आणि भाऊजी एकाच पेट्रोलपंपावर उभे राहून दोन वेगवेगळ्या कारणांनी नाक मुरडतायत. एकाला पैसा बाहेर जातो याचा राग आहे, दुसऱ्याला धूर वर जातो याचा. दोघांचं एकमत व्हायलाच पाहिजे, हा हट्ट तुम्ही सोडा. ते होणार नाही आणि त्याची फारशी गरजही नाही.

3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे धावली. पाच वर्षांनी दख्खनची राणी विजेच्या इंजिनाने बोरघाट चढायला लागली. उपनगरांतली गर्दी वाहायची होती, घाटाचा चढ वाफेच्या इंजिनाला जड जात होता. कारण एवढंच होतं. पृथ्वी तापतेय म्हणून कुणी तारा ओढल्या नव्हत्या, तेल वाचवायचंय म्हणूनही नाही. आज मात्र त्याच तारांमुळे दोन्ही गोष्टी साधतात. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग 2022 मध्ये विजेवर आला. तिथे 1999 पासून भरलेले ट्रक कोलाडला वाघिणीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला उतरवतात. ट्रकवाला त्यात चढतो तो घाटातलं डिझेल आणि टायर वाचावेत म्हणून. देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं, तेव्हा खरी मोठी गळती ट्रकांची आहे. पण ती तुमच्या-माझ्या हातातली नाही, म्हणून पुढे जातो.

मामंजींचा मुद्दा हलका समजू नका. आपण जेवढं कच्चं तेल वापरतो, त्यातलं शंभरात पंच्याऐंशीहून जास्त आयात आहे. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतला, तेलाचे भाव भडकले, आखातातल्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला. आधीच तोळामासा असलेली परकीय चलनाची शिल्लक काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं मुंबईहून विमानाने बाहेर गेलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. तेल हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण शेवटचा धक्का त्याचाच होता. घरातले दागिने सावकाराकडे जाण्याची लाज काय असते ते मामंजींच्या वयाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. भाऊजींनी पुढच्या वेळी हिमनद्यांऐवजी इथून सुरुवात करून बघावी.

पण दोन्ही कारणं प्रत्येक वेळी एकाच वाटेने जात नाहीत, आणि हे भाऊजींनी मनात ठेवावं तसंच मामंजींनीही. दक्षिण आफ्रिकेत तेल नाही, कोळसा उदंड. त्यांनी 1950 मध्ये सासोल नावाची कंपनी काढली आणि कोळशापासून पेट्रोल-डिझेल करायला लागले. पुढे वर्णभेदामुळे जगाने तेल अडवलं तेव्हा ते कामाला आलं. आयात कमी झाली, खरं. पण त्यांचा सेकुंडाचा कारखाना आज एकाच जागेवरून सर्वात जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या जगातल्या ठिकाणांत गणला जातो. तेव्हा 'आपलं' आणि 'स्वच्छ' हे दोन शब्द एका दमात म्हणू नयेत.

इथेनॉलचं थोडं तसंच आहे. मी उसाच्या विरोधात नाही, माझ्या मामाच्या घरचा चहा उसावरच गोड झाला. इथेनॉल मिसळायचा देशातला पहिला प्रयोग 2001 मध्ये झाला तेव्हा निवडलेल्या मोजक्या ठिकाणांत आपलं मिरज आणि मनमाड होतं. 2022 मध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर गेलं आणि आता पंपावर वीस टक्केवालं पेट्रोल मिळतं. म्हणजे मामंजींची इच्छा सरकारने कधीच पुरी केलीय, तुमच्या जुन्या स्कूटरच्या टाकीतही ऊस किंवा मका आहेच. डिस्टिलरी चालली की कारखान्याच्या हातात रोकड येते आणि उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते. हा फायदा खरा आहे, पुण्यात बसून तो दिसत नाही.

त्यात वजावट किती करायची तेवढं सांगतो. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल घातलं तर वाचलेलं पेट्रोल तेराच्या आसपास, वीस नाही. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं ते याचमुळे. उसाला युरिया लागतो, तो करायला आयातीचा वायू लागतो. नांगरट, सरी, वाहतूक सगळी डिझेलवर. आणि पाणी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात साखरेच्या वाटेने केलेल्या एका लिटर इथेनॉलमागे 2,860 लिटर पाणी धरलंय. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी न्यायला जी रेल्वे भरली ती ह्याच मिरजेहून. एकाच स्टेशनने दोन्ही बघितलंय. पाऊस दगा देतो तेव्हा सरकारही माघार घेतं: डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं होतं. मामंजींना 'ऊस सोडा' म्हणाल तर मटणच काय, भाकरीही गार होईल. त्यांना ठिबकचं विचारा. चार एकराला ठिबक बसलं तर त्यांच्या इथेनॉलमागचं पाणी कमी होतं आणि पंपाची वीजही. वाद न करता निम्मा मुद्दा तिथेच निकालात निघतो.

मामंजींचा दुसरा प्रश्न, वीज कोळशावरची. बरोबर आहे, देशातली सत्तर टक्क्यांहून जास्त वीज कोळशाची. तरी हिशेब असा पडतो. शंभर किलोमीटरला पेट्रोलची स्कूटर सव्वादोन लिटर पिते आणि पाच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडते. इलेक्ट्रिक स्कूटरला तेवढ्याच अंतराला तीन-साडेतीन युनिट लागतात. आपल्या ग्रिडवर त्या युनिटांमागे, तारांतली गळती धरूनसुद्धा, तीन किलोच्या आसपास होतो. म्हणजे निम्मा नाही, पण बराच कमी. आणि चंद्रपूरचा कोळसा डॉलरमध्ये घ्यावा लागत नाही. मामंजींच्याच वहीत हा जमेचा आकडा आहे.

भाऊजी यावर टाळी वाजवतील, म्हणून त्यांनाही एक सांगा. बॅटरीतले सेल बहुतेक बाहेरूनच येतात, त्यातही चीनमधून. मग अवलंबणं उरलंच की. फरक एवढा की पेट्रोल म्हणजे रोजचं विकतचं दूध, आणि बॅटरी म्हणजे एकदा बाजारातून आणलेली म्हैस. म्हैस परमुलखातली असली तरी वैरण आपल्या रानातली चालते. बाजार बंद पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तुटत नाही. मात्र म्हैस म्हातारी होते, आणि दुसरी घ्यायला पुन्हा त्याच बाजारात जावं लागतं. आणखी एक: भाऊजी वर्षातून विमानाने किती वेळा जातात ते प्रेमाने विचारून बघा. विमानाचं इंधनही त्याच कच्च्या तेलातून निघतं.

तर स्कूटर. तुमची जुनी धडधाकट असती तर मी म्हणालो असतो, चालवा तीच. रोज बारा किलोमीटरला इलेक्ट्रिकने महिन्याला सहाशे रुपयांच्या आसपास वाचतील. तेवढ्यासाठी चालती गाडी मोडीत काढायची नसते. पण तुमची आता मेकॅनिकचं घर चालवतेय, तेव्हा घ्या इलेक्ट्रिक. फक्त मोठ्या बॅटरीच्या मागे लागू नका. दुकानदार एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर म्हणून भुरळ घालेल. तुम्हाला बारा हवेत, बाजाराला आणि माहेरी जाऊन पंचवीस धरा. लहान बॅटरीची साधी गाडी लाखाच्या आतबाहेर मिळते. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. सर्व्हिस सेंटर कराडातच आहे का. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, तेही कागदावर. आणि घरी जिथे चार्ज करणार त्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का. गावाकडच्या निम्म्या घरांत तिसरी पिन शोभेची असते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ओट्याखाली एक्स्टेन्शन ओढून चार्जिंग करू नका.

तुमची एकटीची पाच किलो म्हणजे किरकोळ, हे मी वर म्हणालो. पण दहाएक वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहणीत देशातल्या पेट्रोलपैकी साठ टक्क्यांहून जास्त दुचाकींतच जळताना आढळलं होतं. तेव्हा भाऊजींचं म्हणणं तुमच्या घरापुरतं चुकलं तरी देशापुरतं बरोबर आहे. हे त्यांना सांगितलंत तर ते खूश होतील, मटणही वेळेवर जेवतील.

दीड लाखातले उरतील ते लगेच खर्च करू नका. तुमचं घर स्लॅबचं असेल तर पुढच्या वर्षी छतावर सौर पॅनल घ्यायला ते धरून ठेवा. केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला 60,000 आणि तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. तेव्हा मामंजींचा कोळशाचा प्रश्नही उन्हात वाळत पडेल.

येत्या रविवारी भाऊजी आले की जेवायच्या आधी एक वही मध्ये ठेवा आणि सगळ्यांसमोर यजमानांच्या हातात द्या. महिनाभर त्यांनी टाकीत किती लिटर घातलं, सिलिंडर कोणत्या तारखेला लावला, ट्रॅक्टरवाल्याने किती तास लावले, एवढंच लिहायचं. कारण कुणी लिहायचं नाही. पृथ्वी की परकीय चलन, ते ज्याचं त्याने मनात ठेवावं. दुसऱ्या महिन्यात आकडा खाली आला का, तेवढंच मोठ्याने वाचायचं. गप्प जेवणाऱ्या माणसाला बोलायला लागेल अशी सोय मी केलीय, तेवढं माफ करा.

राहिला गॅस. एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला साधारण सव्वाशे-दीडशे युनिट वीज लागते. सगळं एकदम हलवलंत तर बिल वरच्या स्लॅबमध्ये जाईल आणि सासूबाई मला शिव्या देतील. चहा, दूध, कुकर आणि अंघोळीचं पाणी एवढंच आधी हलवा. तुमच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यांनी इंडक्शन पेटणार नाही, बुडाला लोहचुंबक चिकटतं अशी स्टीलची सपाट बुडाची दोन भांडी घ्या. भाकरी मात्र गॅसवरच भाजा. तव्यावरून काढून जाळावर धरल्याशिवाय ती टम्म फुगत नाही, आणि माझ्या घरी त्यासाठी घेतलेलं इंडक्शन सध्या मिक्सर ठेवायला वापरतात.